मुलव्हार्कर : गॅलोवेतला बिनवाटेचा डोंगर (आणि गवत, गवत, गवत)

कातळटोप

स्कॉटलंडातले डोंगर म्हटलं की आपल्या लोकांचं बेन नेव्हिस, ग्लेन्को आणि स्काय एवढ्यावर आटपतं. ग्लासगोत राहणारे आपले ट्रेकरही गाडी काढली की उत्तरेलाच वळवतात. दक्षिणेलाही डोंगर आहेत हे कुणाच्या गावीच नसतं. म्हणून हा धागा. विषय गॅलोवे, आणि त्यातही मुलव्हार्कर नावाचा 692 मीटरचा एक डोंगर.

692 वाचून हसू आलं असेल तर हसून घ्या, कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी आहे. पण दक्षिण स्कॉटलंडात इतकं आडवळणी ठिकाण दुसरं सापडणं अवघड. पश्चिमेला मेरिक (843 मी, सदर्न अपलँड्समधलं सर्वोच्च शिखर), पूर्वेला कॉर्सेरीनची लांबलचक धार, आणि मधल्या खोलगट भागात मुलव्हार्कर, डंजन हिल आणि क्रेगनॉ असे तीन ग्रॅनाइटचे डोंगर ओळीनं उभे. आजूबाजूला तळी, दलदल आणि सरकारी जंगल. गाव नाही, घर नाही, चहाची टपरी तर सोडाच. मुन्रो म्हणजे 3000 फुटांवरची शिखरं, ती गोळा करत फिरणारे इकडे फिरकत नाहीत कारण गॅलोवेत एकही मुन्रो नाही. मेरिक आणि कॉर्सेरीन कॉर्बेटच्या (2500 ते 3000 फुटांमधल्या शिखरांच्या) यादीत बसतात म्हणून तिथे थोडी वर्दळ असते, मुलव्हार्कर त्याही यादीत नाही.

आता वाट. खरं तर वाट नाहीच, पण जायचं कसं ते सांगतो. लॉख ट्रूलच्या (लॉख म्हणजे तळं) वर ब्रूस स्टोन या स्मारकाच्या दगडाजवळ गाडी लावायची. तिथून मेरिकची पाऊलवाट मळलेली आहे, बखन ओढ्याच्या कडेनं कुलशार्गच्या पडक्या घरापर्यंत, पुढे जंगलातून बेन्येलरी (719 मी) आणि मग दगडी कुंपणाच्या भिंतीला धरून मेरिक. इथपर्यंत माणसं भेटतात, कुत्री भेटतात, सगळे हॅलो म्हणतात. बहुतेक जण माथ्यावर सँडविच खाऊन आल्या पावली परत जातात.

तुम्ही मात्र पूर्वेला रेडस्टोन रिगवरून खाली लॉख ईनॉककडे उतरायचं. हे तळं साधारण 490 मीटरवर आहे. काठ वेडावाकडा, मध्ये बेटं, आणि त्यातल्या एका बेटावर परत एक छोटं तळं. काठाला पांढरी भरड वाळू आहे, समुद्रावरच्या वाळूसारखी मऊ नाही हां, ग्रॅनाइट झिजून झालेली, चिमटीत घेतली की टोचते. पूर्वी कोयत्याच्या पात्यांना धार लावायला ही वाळू लोक इथून भरून नेत असत. इथे बूट काढून झटकून घ्या, नाहीतर पुढचा अख्खा दिवस ती वाळू तुमच्या टाचेला धार लावत बसेल.

तळ्याला वळसा घालून उत्तरेला चढायला लागलं की मुलव्हार्कर. दोनशे मीटर फक्त. पण ते दोनशे मीटर आणि त्याच्या आधीचं मधलं मैदान म्हणजे गवताच्या बुचक्यांचं राज्य. मोलिनिया म्हणतात त्या गवताला. एकेक बुचका गुडघ्याएवढा, वरून डुलणारा, आणि दोन बुचक्यांच्या मध्ये पाणी भरलेली फट. बुचक्यावर पाय दिला तर तो कलंडतो, मध्ये दिला तर घोट्यापर्यंत आत. अर्धवट भरलेल्या पोत्यांच्या ढिगावरून चालत राहावं तसं, आणि हे तासभर. ताशी दीड किलोमीटर पडलं तरी स्वतःची पाठ थोपटून घ्या.

वरच्या टप्प्यात मात्र कातळ लागतो आणि सगळं बदलतं. उघडे, मोठमोठे, उतरते ग्रॅनाइटचे पट्टे. बूट असा धरतो की कोरड्यात हात लावायची वेळ येत नाही. माथ्यावर दगडांची छोटी रास. तिथून मेरिकचा मागचा, कुणी न पाहिलेला अंग दिसतो, खाली लॉख ईनॉक, उत्तरेला लॉख डूनचं लांब पाणी. वारा असतोच.

परत येताना मेरिक पुन्हा चढायचा नसेल तर ईनॉकच्या दक्षिणेला लॉख नेल्ड्रिकन, मग लॉख व्हॅली, मग गेअरलँड ओढ्याच्या काठानं ब्रूस स्टोन. 18 किलोमीटरच्या आसपास होतं, एकूण चढाई हजार मीटरच्या घरात. नेस्मिथच्या 1892 च्या नियमानं (ताशी 5 किमी, वर दर 100 मीटर चढाईला 10 मिनिटं) हे सव्वापाच तासांत व्हायला हवं. नेस्मिथसाहेबांनी मोलिनिया हिशेबात धरलं नव्हतं. नऊ तास धरून चला.

फोटो टाकतो उद्या, इथे अपलोड नीट होत नाहीये.

शंकासूर

पहिला मी! मस्त लिहिलंय. प्रश्न : वाटच नाही तर ॲपवर ट्रॅक टाकून जाता येईल ना? आणि कुणाच्या खाजगी जमिनीतून जाताना कुणी हटकत नाही का, की इकडच्यासारखं "कुठं चालला पाव्हणं"?

कातळटोप

हटकत नाहीत. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्यानं स्कॉटलंडात जबाबदारीनं वागलात तर जवळपास कुठेही चालायचा हक्क आहे, तंबू ठोकायचाही. घराचं आवार, उभं पीक वगैरे सोडून. हे इंग्लंडमध्ये नाही, तिकडून आलेले लोक सुरुवातीला कावरेबावरे होतात.

ट्रॅकचं म्हणशील तर असू दे सोबत, पण त्याच्यावर डोळे लावून चालू नकोस. कुणीतरी दुष्काळी जूनमध्ये चाललेली रेघ असते ती, तू पावसानंतर गेलास की त्याच रेघेवर तळं साचलेलं. ओएसचा (ऑर्डनन्स सर्व्हे, तिथलं सरकारी नकाशाखातं) एक्स्प्लोरर 318 नकाशा कागदी घे, 1:25000 वाला. होकायंत्र वापरता येत असेल तरच जा. मोबाईलला रेंज बऱ्याच ठिकाणी नाही.

घाटवाटकर

वाचनखूण साठवली. आपल्याकडे वाट चुकली तरी खाली कुठली ना कुठली वाडी लागते, धनगराचा झाप लागतो, कुत्रं भुंकतं, कुणीतरी "या, च्या घेता का" म्हणतं. तिथे चुकलं तर माणूस जातो कुठे? आणि पाणी? टाकी नसणारच.

कातळटोप

पाण्याची ददात नाही हो, पाणीच पाणी आहे, उलट ते टाळत चालायचं असतं. लोक ओढ्याचं फिल्टर करून पितात.

चुकलं तर मात्र अवघड. पूर्वेकडे उतरलात तर आधी कडे, आणि ते चुकवून खाली आलात तर सिल्व्हर फ्लो. मैलोगणती पसरलेली दलदल आहे ती, पाण्याच्या काळ्या डबक्यांची नक्षी वरून बघायला फार सुंदर दिसते. 1981 पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) आहे. अंधारात किंवा धुक्यात तिच्यात शिरणं म्हणजे शहाणपण नव्हे. जाण्याआधी कुणाला तरी मार्ग आणि परतायची वेळ सांगून जायचं, आणि अडकलात तर 999, पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. रेस्क्यूवाले सगळे स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. मोबाईलवरून 999 ला एसएमएस करायची सोय आधी रजिस्टर करून ठेवा, बोलण्याइतकी रेंज नसली तरी मेसेज कधीकधी निसटून जातो.

खडकोबा

खडकाचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं.

वरती कातळटोपनी मेरिक, कॉर्सेरीन आणि मधले तीन डोंगर अशी मांडणी सांगितली ती उगाच तशी नाहीये. साधारण 40 कोटी वर्षांपूर्वी इथल्या जुन्या गाळाच्या खडकांत खालून तप्त रस घुसला आणि आतल्या आत थंड होऊन ग्रॅनाइट झाला. त्याच्या उष्णतेनं भोवतालचा खडक भाजून निघाला आणि अधिक टणक झाला. नंतर हिमयुगात बर्फानं मधला ग्रॅनाइट जास्त कोरला आणि भाजलेला खडक कडेनं उंच राहिला. म्हणून मेरिक आणि कॉर्सेरीन कडेला उंच, मध्ये खोलगट. मुलव्हार्कर, डंजन, क्रेगनॉ हे त्या खोलगटातले शिल्लक राहिलेले ग्रॅनाइटचे कणे.

क्रेगनॉवर डेव्हिल्स बोलिंग ग्रीन नावाची जागा आहे, नक्की जा. सपाट कातळ आणि त्यावर बर्फानं आणून सोडलेले गोटे, खेळ अर्धवट टाकून कुणी उठून गेल्यासारखे. गॅलोवेवर बर्फाचं स्वतःचं केंद्र होतं, तिथून ते चहूकडे सरकलं, इथल्या ग्रॅनाइटचे दगड पार इंग्लंडात सापडतात.

आपल्या सह्याद्रीत बर्फाचा संबंध नाही, सगळा लाव्ह्याचा थरावर थर, त्यामुळे तिथे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, आणि इथे गुळगुळीत. बेसॉल्टवर चढलेल्याला ग्रॅनाइटवर आधी धीर होत नाही कारण पकडायला खाचाच नाहीत. पायावर विश्वास ठेवायचा.

कातळटोप

खडकोबा, तुमचीच वाट बघत होतो :)

ह्या ग्रॅनाइटपायीच मुलव्हार्कर एकदा पेपरात गाजला होता. 1970 च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाला अतिकिरणोत्सारी कचरा खोल कठीण खडकात पुरता येईल का ते बघायचं होतं, आणि त्यासाठी त्यांची नजर ह्या डोंगरावर पडली. एकसंध ग्रॅनाइट आणि आसपास माणूस नाही. लोकांनी प्रचंड विरोध केला, 1980 मध्ये एअर शहरात जाहीर चौकशी झाली, आणि शेवटी बोअर काही मारले गेले नाहीत.

मला ह्यातली गंमत वाटते ती ही, की ज्या डोंगरावर वर्षभरात मोजकी माणसं जातात त्याच्यासाठी अख्खा जिल्हा उभा राहिला. त्यातल्या निम्म्यांनी तो डोंगर कधी पाहिलाही नसेल.

निवांत नाना

थोडी दुरुस्ती. कचरा पुरायचा अर्ज नव्हता तो, चाचणीसाठी छिद्रं पाडायचा होता. "अभ्यास करायचाय फक्त" असं सरकारचं म्हणणं. पण कुणी अभ्यासापुरता उंट तंबूत शिरकवून घेत नाही हो, लोकांना ते बरोबर कळलं. मी त्या काळात स्कॉटलंडात नव्हतो, पण नंतर नोकरीनिमित्त डम्फ्रीजजवळ बरीच वर्षं काढली, तिथली म्हातारी मंडळी हा विषय निघाला की अजून तापतात.

आणि ह्याच्या पुढचं ऐका. गॅलोवेला राष्ट्रीय उद्यान करायचा प्रस्ताव आला, 2024 मध्ये पसंतीची जागा म्हणून नावही जाहीर झालं, त्यालाही विरोध झाला आणि 2025 च्या मे महिन्यात सरकारनं तो गुंडाळला. शेतकऱ्यांना वाटलं निर्बंध येतील, गर्दी येईल. माझं मत विचाराल तर उद्यान व्हायला हवं होतं, पण मी शेतकरी नाही.

पावसाळी छत्री

नाना +1. पण शेतकऱ्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही मला. स्कायचं काय झालंय बघा, पार्किंगसाठी मारामारी. माझं तर मत आहे अशा जागांवर धागे काढूच नयेत. कातळटोप राग मानू नका, पण हरिश्चंद्रगडाचं, देवकुंडाचं जे झालं ते असंच लिहून लिहून झालं.

कातळटोप

राग कसला ताई. पण देवकुंडाला जे जातात ते रील बघून जातात, आणि तिथे दोन तासांत पाण्यात उडी मारता येते. मुलव्हार्करला रील बनवायला आधी तासभर गवतात धडपडायला लागतं. हे गवतच त्याचा पहारेकरी आहे. दोन हजार शब्द वाचून ज्याला अजून जावंसं वाटतं तो कचरा करणाऱ्यातला नसतो असा माझा अनुभव.

शंकासूर

ब्रूस स्टोन म्हणजे तो कोळ्याच्या जाळ्यावाला रॉबर्ट ब्रूस का? शाळेत होता धडा.

घाटवाटकर

तोच. 1307 साली लॉख ट्रूलच्या काठच्या अरुंद वाटेवर इंग्रजांच्या तुकडीला त्यानं गाठलं, वरून धोंडे लोटले असं सांगतात. तो स्मारकाचा दगड नंतरचा, 1929 चा, त्याच्या मृत्यूला 600 वर्षं झाली तेव्हाचा. मी तिथे उभं राहून खाली बघितलं आणि पहिल्यांदा डोक्यात उंबरखिंड आली. 1661, कारतलबखान. जड फौज, अडचणीची वाट, वर दबा धरलेली माणसं. साडेतीनशे वर्षांचं अंतर आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण डोंगरानं दोघांना एकच अक्कल दिली.

खडकोबा

अवांतर : उंबरखिंडीवर वेगळा धागा काढा, नाहीतर ह्याचं खोबरं होईल.

सातासमुद्रापार

मी न्यूकॅसलहून येते, गाडी नाही. ट्रेन-बसनं जमेल का? आणि एकटी बाई म्हणून काही त्रास?

कातळटोप

गाडीशिवाय एका दिवसात अवघड आहे, ब्रूस स्टोनपर्यंत बस जात नाही. ग्लासगोहून स्ट्रॅनरारच्या गाडीनं बॅरहिलला उतरता येतं पण तिथून पुढे टॅक्सी. सोबत बघून गाडी शेअर करा असं सुचवेन.

पावसाळी छत्री

एकटीनं मी गॅलोवेत फिरलेय, माणसांचा त्रास शून्य, कारण माणसंच नाहीत. एकट्यानं जाण्याचा धोका पाय मुरगळण्याचा आहे, तो बाई-बुवा बघत नाही. काठ्या घ्या दोन. गवतात पुढे काठी खुपसून बघायची, मग पाय. आणि हिवाळ्यात नका जाऊ, डिसेंबरात तिथे जेमतेम सात तास उजेड असतो, कातळटोपचे नऊ तास कुठे बसवणार त्यात? मे महिना उत्तम. गवत नुकतंच वाढायला लागलेलं असतं आणि मिजेस यायच्या असतात.

शंकासूर

मिजेस म्हणजे डास का?

पावसाळी छत्री

डास परवडले रे बाबा. चिलटाएवढे, पण शेकड्यानी येतात, कानात, पापण्यांवर, भांगात. वारा पडला आणि ढगाळ असलं की संपलंच. जून ते सप्टेंबर. जाळीची टोपी मिळते, दिसायला बावळट दिसते, घालायची.

घाटवाटकर

साप?

कातळटोप

ॲडर आहे, ब्रिटनमधला एकमेव विषारी साप. उन्हाला कातळावर पडलेला असतो, पायाची चाहूल लागली की बहुतेक वेळा स्वतःच जातो. आपल्या फुरशासारखा जागा न सोडणारा नाही. त्याच्यापेक्षा रानबकऱ्यांचा वास जास्त लक्षात राहतो. क्रेगनॉच्या बाजूला कळप असतात, लांब केसांचे, मागे वळलेली शिंगं, वाऱ्याच्या दिशेनं असाल तर दिसायच्या आधी बोकडाचा दर्प येतो.

सातासमुद्रापार

ईनॉकमध्ये मासे आहेत का हो? नवऱ्याला गळ टाकायचं वेड आहे, त्याला आमिष दाखवून नेता येईल.

खडकोबा

ईनॉकच्या नावावर नेऊ नका, भांडण होईल. इथल्या बऱ्याच तळ्यांतून ट्राउट नाहीसे झाले, त्यात ईनॉकही. कारण आम्ल पाऊस. ग्रॅनाइटमध्ये आम्ल मारायला चुना नसतो, त्यामुळे पाणी पटकन आंबट होतं. गंमत म्हणजे हे सिद्ध झालं ते ह्याच भागात. तुमच्या परतीच्या वाटेपासून जवळच राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड नावाचं तळं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 1980 च्या दशकात त्याच्या तळाचा गाळ नळीनं उभा काढला आणि त्यातल्या डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाच्या कवचांवरून थरागणिक पाणी किती आंबट होत गेलं ते वाचलं. सुरुवात 1850 च्या आसपास, म्हणजे कोळशाच्या कारखान्यांचा काळ. तेव्हा वाद असा होता की जंगलखातं झाडं लावतंय त्यामुळे पाणी बिघडतंय की कारखान्यांमुळे. ह्या तळ्याभोवती लागवडच नव्हती. प्रश्न मिटला.

धूर आता बराच कमी झालाय आणि पाणी हळूहळू सुधारतंय, पण ग्रॅनाइटला घाई नसते.

निवांत नाना

क्या बात है खडकोबा. इतकी वर्षं त्या तळ्यावरून गेलो, कुणी सांगितलं नाही.

जाता जाता, उत्तरेकडूनही जाता येतं, लॉख डूनच्या दक्षिण टोकाकडून जंगलरस्त्यानं आणि मग हूडन्स हिलच्या सोंडेवरून. अंतर कमी, पण पहिला टप्पा इतका ओला की मी तरुणपणीही पुन्हा जायचं नाव काढलं नाही. तिकडे गेलात तर लॉख डूनचा किल्ला बघा. तो मुळात तळ्यातल्या बेटावर होता. 1930 च्या दशकात जलविद्युत योजनेसाठी पाण्याची पातळी वाढवायची ठरली तेव्हा त्याचे दगड काढून काठावर आणून परत रचला. धरणात देवळं हलवतात तसं.

घाटवाटकर

किल्ला म्हटल्यावर आता आलंच पाहिजे. मुक्काम करायचा झाला तर?

कातळटोप

ईनॉकच्या काठाला तंबू. आभाळ मोकळं असलं तर झोपूच नका, गॅलोवे फॉरेस्ट पार्क 2009 पासून डार्क स्काय पार्क आहे, ब्रिटनमधलं पहिलं. आकाशगंगा कॅमेऱ्याशिवाय दिसते. आभाळ मोकळं असण्याची खात्री मात्र कुणी देणार नाही, डोंगरातल्या हवामानाचा अंदाज देणाऱ्या एमडब्ल्यूआयएसच्या साइटवर सदर्न अपलँड्सचा अंदाज आदल्या संध्याकाळी बघा, वाऱ्याचा आकडा आधी आणि पावसाचा नंतर.

सातासमुद्रापार

टिक्सबद्दल, म्हणजे गोचिडीबद्दल, कुणीच बोललं नाही अजून. मला लेक डिस्ट्रिक्टमध्ये लागली होती एक.

पावसाळी छत्री

बरं आठवण केलीत. इथल्या गवतात भरपूर असतात. जळू निदान दिसते आणि पोट भरलं की सुटते, ही खसखशीएवढी असते आणि कळत नाही. पँट मोज्यात खोचायची, फिकट रंगाची घालायची म्हणजे दिसते. रात्री काखा, जांघा, गुडघ्याची मागची बाजू तपासायची. लागलीच तर बारीक चिमट्यानं कातडीला अगदी लागून धरायची आणि सरळ ओढायची, पिळायची नाही, तेल, व्हॅसलीन, काडी पेटवून चटका असले आजीचे उपाय करायचे नाहीत. नंतर महिनाभर लक्ष ठेवायचं, लाल चट्टा पसरायला लागला किंवा ताप आला तर जीपीकडे (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे) जाऊन टिक लागली होती असं स्पष्ट सांगायचं. लाइम आजार वेळेत कळला तर अँटिबायोटिक्सनी बरा होतो.

शंकासूर

गवत, दलदल, मिजेस, साप, टिक्स, बोकडाचा वास, मासे नाहीत. कातळटोप, तुम्ही जाहिरात करताय की बंदोबस्त?

कातळटोप

:D मेच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी जातोय, गाडीत दोन जागा आहेत, ग्लासगोहून पहाटे पाचला निघणार. व्यक्तिगत निरोप करा. गेटर (बुटावरून पोटरीपर्यंतचं आवरण) नसलेल्यांना घेणार नाही.

सातासमुद्रापार

एक जागा माझी. नवऱ्याला सांगत नाही मासे नाहीत ते.